वजा डिंकी

नणंदेचा फोन आला तेव्हा ती ओट्याशी उभी राहून उकडलेल्या बटाट्याकडे बघत होती. बटाटा तिच्या मुलीचा होता. तिने फक्त साल काढलं होतं, आणि साल खाल्लं तर ते कशात धरतात याचा विचार चालला होता.

"वहिनी, झालं गं," नणंद म्हणाली. "आलं आपलं वजन. उद्यापासून मेंटेनन्स."

मेंटेनन्स हा शब्द तिला कारखान्यातून ठाऊक होता. तिथे तो महिन्यातून एकदा यायचा. त्या दिवशी यंत्रं बंद असायची आणि दोन माणसं त्यांच्या पोटात हात घालून तेल सोडत बसायची. नणंद दवाखान्यात आहारतज्ज्ञ होती, आणि तिच्या भाषेत मेंटेनन्सचा अर्थ असा होता, की कमी करणं संपलं, आता आहे तिथेच राहायचं, आणि आहे तिथेच राहायचं तर जास्त खायचं. सकाळी पावाला लोणी. दुपारी भात दुप्पट. संध्याकाळी दूध, तेही सायीसकट. रात्री जेवण म्हणता येईल असं जेवण. ऐकता ऐकता तिच्या पोटात गोळा आला. त्या पोटात बऱ्याच महिन्यांत दुसरं विशेष काही आलं नव्हतं.

तक्रारीला जागा नव्हती, कारण हे सगळं तिने स्वतःच ओढवून घेतलं होतं. बाळंतपणात अंगावर चढलेलं उतरायचं नाव घेईना. घर तिसऱ्या मजल्यावर. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि त्यांच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. मुलीला कडेवर घेऊन चढताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिला धाप लागायची. मग ती पायरीवर टेकायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, पोरीला खिडकीतून कबुतरं दाखवतेय. एके दिवशी कबुतर नव्हतं, आणि शेजारचे काका बिचारे बराच वेळ शोधत राहिले. त्या संध्याकाळी तिने नणंदेला फोन केला. आरशाबद्दल माझं काही म्हणणं नाही, म्हणाली, पण मला माझी पोर मध्ये न बसता घरापर्यंत न्यायची आहे, तेवढं जमव.

नणंदेने ते फारच मनावर घेतलं. सासूबाईंनी वेगळ्याच अर्थाने घेतलं. आल्यागेल्याला त्या सांगायच्या, "सुनेला उपाशी ठेवायचं काम सासूचं. तेवढं एक माझ्या हातात होतं, तेही माझ्या लेकीने काढून घेतलं." आणि बोलता बोलता सुनेच्या ताटात एक बटाटा सरकवायच्या. सून तो नवऱ्याच्या ताटात सरकवायची. नवरा खायचा. त्यामुळे घरातलं एकूण वजन फारसं कमी झालेलं नव्हतं.

मुलीला घरात डिंकी म्हणत. एकदा चिकटली की सुटायची नाही, म्हणून. सकाळी तर डोळे उघडायच्या आतच ती आईच्या मानेला चिकटायची, आणि खाली ठेवलं की असा सूर लावायची की खालच्या मजल्यावरची दारं उघडायची. नेमका तोच वजन करायचा वेळ. नणंदेचा नियम कडक होता: वजन सकाळीच करायचं, उपाशीपोटी, पाण्याचा घोटसुद्धा न घेता, चपला काढून. सकाळी ती उपाशीपोटी असायची आणि बिनचपलांची असायची. बिनडिंकीची मात्र नसायची.

यावर तिच्याकडे तोडगा होता. डिंकी वर्षाची असताना तिला लस द्यायला नेलं होतं. डिंकी काही केल्या काट्यावर बसेना. तेव्हा डॉक्टरांनी आईला पोरीसकट मोठ्या काट्यावर उभं केलं, मग आईला एकटीला, आणि वजाबाकी करून सांगितलं, पोरगी नऊ किलो. ती युक्ती तिला इतकी आवडली की तिने ती उलटी करून घरी आणली. रोज सकाळी डिंकीला कडेवर घेऊन न्हाणीघरातल्या काट्यावर चढायचं, डिंकीच्या पायाआडून आकडा वाचायचा, त्यातून नऊ काढायचे, आणि उरेल तो आकडा नणंदेला कळवायचा. नऊ हा आकडा तिच्या डोक्यात घराच्या नंबरासारखा पक्का बसला होता.

त्या लसीनंतर डिंकी चालायला लागली, बोलायला लागली, "नको" आणि "माझं" या दोन शब्दांवर घर चालवायला लागली. तिचे बूट दोनदा बदलून झाले. पुढची तपासणी एकदा सर्दीमुळे राहिली आणि एकदा आठवणच झाली नाही. काट्यावर मात्र डिंकी नऊच होती.

तर मेंटेनन्सच्या पहिल्या सकाळी तिने पावाला लोणी लावलं. लावलं, जरा वेळ बघितलं, आणि निम्मं खरवडून परत डब्यात टाकलं. उरलेलं खाल्लं. फार चांगलं लागलं, याचाच तिला संशय आला.

थोड्या दिवसांनी काटा अर्धा किलो वर सरकला. तिने नणंदेला फोन केला तो एखाद्याला अपघात झाल्यासारखा. नणंद शांतपणे म्हणाली की ते पाणी आहे, शिवाय पोटात अन्न असलं की अन्नालाही वजन असतं, घाबरू नकोस, खात राहा. ती हो म्हणाली. तोंडाने हो म्हणाली आणि हाताने वाढून घेणं कमी केलं. लोणी गेलं, मग साय गेली, मग दुपारचा वाढवलेला भात आपल्या जागी परत गेला, आणि त्याच्याबरोबर मूळच्यातलाही थोडा गेला. फोनवर मात्र सगळं व्यवस्थित चालू होतं. नणंद विचारायची, रात्री काय जेवलीस, आणि ती सासूबाईंनी काय रांधलं होतं ते सांगायची. त्यात खोटं काहीच नव्हतं.

खरी पंचाईत डिंकीच्या जेवणाची होती. डिंकीचं जेवण आईच्या जेवणाला जोडलेलं होतं. आईने एक घास घेतला की डिंकी एक घ्यायची. आई थांबली की डिंकी तोंड मिटायची, मग आजी येवो की बाबा येवो, ते उघडायचं नाही. आता आईला तीन घासांत उठायचं असेल तर पोरीनेही तीन घासांत उठावं, हे काही बरोबर नव्हतं. म्हणून तिने रिकामा चमचा शोधून काढला. चमचा ताटात नुसता टेकवायचा, तोंडाशी न्यायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "हं, छान." डिंकी बघायची आणि आपला घास घ्यायची. इतकं सोपं निघालं की तिला स्वतःची जराशी लाज वाटली. पण लाजेत कॅलरी नसतात.

एवढं करूनही काटा खाली येईना. उलट मुंगीच्या पावलांनी वरच चालला होता. तिला काही कळेना. अंगठी बोटातून निसटायला लागली म्हणून तिने ती आधी मधल्या बोटात घातली, मग अंगठ्यात. पँट कमरेवर थांबेना, तर आजकालचं इलास्टिक म्हणजे अगदीच टाकाऊ, असं तिने ठरवलं आणि पिन लावली. कामावर सगळ्या बायका पंख्याखाली जागा धरायच्या, ती पंख्यापासून लांब, स्वेटर घालून बसायची. नवरा एकदा म्हणाला, तुझी हाडं टोचतात गं. तिने त्याला काट्यावरचा आकडा सांगितला. आकड्यापुढे तो काय बोलणार?

आणि मग जिना. मधले काही महिने ती डिंकीला घेऊन, शिवाय दुसऱ्या हातात भाजीची पिशवी घेऊन, एका दमात घरी पोचत होती. दार उघडणाऱ्याला ते कळावं म्हणून मुद्दाम गाणं गुणगुणत पोचत होती. आता पुन्हा दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पाय लटपटायला लागले, डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले, आणि एका संध्याकाळी ती त्याच पायरीवर बसली. शेजारचे काका वरून उतरत होते. त्यांनी चौकशी केली, कबुतरं परत आली का?

तिचा हिशेब स्पष्ट होता. वजन परत आलं. काटा सांगतोय, पायही सांगतायत. खोटं बोलतंय ते एकटं इलास्टिक. तिने संध्याकाळचं दूधही बंद केलं.

तिचं काम स्क्रूच्या कारखान्यात होतं, भरणी विभागात. स्क्रू कुणी मोजत बसत नाही. डबा काट्यावर ठेवायचा, काट्यात रिकाम्या डब्याचं वजन आधीच भरून ठेवलेलं असतं, ते तो आपोआप वजा करतो, आणि उरेल त्यावरून आत स्क्रू किती ते कळतं. त्या विभागाची ती प्रमुख होती. हाताखालच्या मुली तिला ताई म्हणायच्या आणि तिच्या मागे तिच्या स्वेटरबद्दल बोलायच्या.

त्या दिवशी साहेब एक तक्रार घेऊन आले. फर्निचर बनवणारं एक मोठं गिऱ्हाईक म्हणत होतं, तुमच्या डब्यांत स्क्रू कमी भरतात, आमची कपाटं शेवटच्या दारापाशी येऊन थांबतात. साहेबांनी परत आलेला एक डबा स्वतः काट्यावर ठेवून बघितला होता. वजन बरोबर होतं. स्क्रू ओतून मोजले, तर कमी होते. साहेबांना हे जादूटोण्यासारखं वाटत होतं आणि जादूटोण्याचं उत्तर वरच्या साहेबांना कसं द्यायचं, ही त्यांची काळजी होती.

तिने डबा हातात घेतला, दोन बोटांत त्याचा काठ दाबून बघितला, आणि तिला कळलं. गेल्या महिन्यापासून डबे नवीन माणसाकडून येत होते. पुठ्ठा जाड होता. काट्यात मात्र जुन्या डब्याचं वजन तसंच भरलेलं होतं. तिने रिकामा डबा ठेवून सगळ्यांना दाखवलं, आणि मुलींना जवळ बोलावून आपलं नेहमीचं भाषण सुरू केलं. या भाषणाला ती वर्षातून दोनतीनदा उभी राहायची आणि ते तिला चांगलं जमायचं.

"डबा बदलला की वजावट बदलायची," ती म्हणाली. "नाहीतर डब्याचं वाढलेलं वजन मालाच्या नावावर चढतं. आपल्याला वाटतं माल जास्त झालाय, आणि आपण तो कमी कमी करत बसतो. यात काट्याची चूक नाही. त्याला जुनाच डबा ठाऊक. त्याला कुणीतरी सांगायला नको का, की बाबा रे, आता..."

ती थांबली. मुली वाट बघत राहिल्या.

"आता काय, ताई?" एकीने विचारलं.

"मोठी झालीय," ती म्हणाली.

"कोण?"

तिने डबा खाली ठेवला, स्वेटर काढला, घडी करून त्याच मुलीच्या हातात दिला, आणि माल बाहेर जातो त्या दरवाजाकडे चालायला लागली. तिथे पोती तोलायचा मोठा काटा जमिनीत बसवलेला होता. त्याच्यावर पाटी होती, माणसांनी चढू नये. पोती शिवणारी मावशी शेजारीच सुतळी ओवत बसली होती. मावशीने तिच्याकडे बघितलं, पाटीकडे बघितलं आणि सुतळी बाजूला ठेवली. पाठोपाठ साहेब आले. हे चालत नाही, असं सांगायला त्यांनी तोंड उघडलं, पण तिचा चेहरा बघून ते पाठ करून उभे राहिले आणि छत न्याहाळायला लागले. छतात बघण्यासारखं काही नव्हतं.

तिने चपला काढल्या. चढली. भिंतीवर वीतभर उंचीचे लाल आकडे उमटले, जे गेटवरच्या रखवालदारालाही वाचता आले असते. नणंदेने ठरवून दिलेलं वजन एकोणसाठ होतं. भिंतीवर छपन्न होतं, आणि ते दुपारचं, पोटात पाणी असतानाचं.

"काटा बरोबर आहे ना, साहेब?" तिने विचारलं.

"गेल्याच आठवड्यात तपासून गेलेत," साहेब छताला म्हणाले.

मावशीने आकडा वाचला, तिला आपादमस्तक बघितलं आणि म्हणाली, "उतर गं बाई. यापेक्षा माझी रिकामी पोती बरी."

ती उतरली नाही. ती तिथेच उभी राहून सकाळचा न्हाणीघरातला, दोघींचा मिळून आलेला आकडा आठवत होती. त्यातून तिने भिंतीवरचा आकडा काढला. राहिले ते साडेबाराच्या वर होते. म्हणजे डिंकी साडेबारा किलोंची झाली होती, रोज तिच्या कडेवर बसून झाली होती, आणि हे घरात कुणाला माहीतच नव्हतं. पोरगी जेवत होती, वाढत होती, आणि जे जे वाढत होतं ते आईच्या नावावर चढत होतं. आई ते उपाशी राहून उतरवायला निघाली होती.

तिला हसू यायला हवं होतं. ते पुढे कधीतरी आलंही. त्या वेळी तिने चपला घातल्या आणि बाहेर पायरीवर बसून नणंदेला फोन लावला. सगळं सांगितलं. लोण्याचं, सायीचं, दुधाचंही सांगून टाकलं. 

"वहिनी," नणंद म्हणाली, "डिंकी कडेवर असते हे तू मला कधी सांगितलंच नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस. पाणी प्यायलं का विचारलंस, चपला काढल्या का विचारलंस."

"बरोबर आहे," नणंद म्हणाली. मग तिचा आवाज एकदम धाकट्या बहिणीसारखा झाला. "जेव गं बाई आता."

संध्याकाळी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती बसली, पण या वेळी लपवाछपवी न करता बसली. डिंकीला मांडीवर घेतलं आणि सांगितलं, की अगं, तू साडेबारा किलोंची आहेस. डिंकीने विचार केला आणि म्हणाली, "माझं." तिने मान डोलावली. खरंच होतं ते. काका वरून उतरत होते. त्यांनी काही विचारायच्या आधीच तिने सांगितलं, कबुतरं नाहीत काका, दम लागलाय. काका बरं म्हणाले आणि तरी जाता जाता खिडकीतून डोकावले.

रात्री सगळे जेवायला बसले. तिने स्वतःच्या हाताने भात वाढून घेतला, भाजी घेतली, सासूबाईंनी सवयीने सरकवलेला बटाटा परत न करता ठेवून घेतला. नवऱ्याने त्या बटाट्याची थोडा वेळ वाट बघितली. कारण कळलं होतं, आकडा कळला होता, आता राहिलं होतं काय तर खाणं. तिला वाटलं होतं ते आपोआप होईल. पण चमचा भरला आणि हात मध्येच थांबला. हाताला कुणी काही सांगितलं नव्हतं. त्याला जुनाच हिशेब ठाऊक होता.

समोर डिंकी आपल्या उंच खुर्चीत बसली होती. आईचा चमचा थांबलेला बघून तिने स्वतःचा उचलला. ताटलीत नुसता टेकवला. रिकामाच तोंडाशी नेला, डोळे मिटले आणि म्हणाली, "हं, छान."

मग चमचा खाली ठेवला आणि झालं, अशा अर्थाने हात पुसले.

 सासूबाई ताकदीने भात कालवत होत्या. "चारपाच दिवस झाले, दुपारी तू कामावर असताना अशीच जेवतेय ही," त्या म्हणाल्या. "मला वाटलं तूच शिकवलंस. म्हटलं, असेल तुमच्या डाएटमधलं काहीतरी."

तिने चमचा तोंडात घातला. घास मोठा होता आणि थोडा गार झाला होता. तिने तो चावला, गिळला, आणि डिंकीकडे बघितलं. डिंकी हलली नाही. तिने दुसरा घास घेतला आणि भुवया उंचावून दाखवला. डिंकीने खुर्चीतून पुढे वाकून आईच्या हनुवटीवर हात ठेवला आणि ती खाली ओढली.

"आ," डिंकी म्हणाली.

तिने आ केला. आत भात होता. डिंकीने तो नीट, डावीकडून आणि उजवीकडून बघितला. डॉक्टरही एवढं बघत नाहीत. मग मागे बसली, आपला चमचा भरला आणि खाल्ला.

पुढचा घास. "आ." पुन्हा तपासणी. मग डिंकीचा घास. असं चालू राहिलं. नवऱ्याचं जेवून झालं, तो हात धुवून येऊन परत बसला. सासूबाईंनी न विचारता आणखी भात वाढला आणि पहिल्यांदाच तो जिथे वाढला तिथेच राहिला. बटाटा दोघींनी अर्धा अर्धा खाल्ला, तोही दाखवून. मधे फोन वाजला. नणंदेचा असणार. कुणी उठलं नाही.

तिचं पोट भरलं. इतक्या दिवसांनी भरलं की ते काय आहे हे ओळखायला तिला जरा वेळ लागला. तिने चमचा खाली ठेवला. डिंकीने लगेच आपला ठेवला. डिंकीच्या ताटलीत अजून चार घासांचा भात होता.

तिने चमचा उचलला, भरला, खाल्ला, आणि या वेळी कुणी सांगायच्या आधीच आ करून दाखवला.